मीटिंग बोलवा, पण तासाला किती एमबी तेही सांगा

“दीडचा मारू की दोनचा?” मोबाइल रिचार्जच्या दुकानात हा प्रश्न दिवसभर कानावर पडतो. दीड म्हणजे रोज दीड जीबी, दोन म्हणजे रोज दोन जीबी. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले, तेव्हा जिओचा २८ दिवसांचा दीड जीबीचा प्लॅन २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेला आणि दोन जीबीचा २९९ वरून ३४९ वर. पन्नास रुपये जास्त मोजले की रोज अर्धा जीबी जास्त मिळतो, एवढं गिऱ्हाइकाला कळतं. पण त्या अर्ध्या जीबीत मुलीचा ऑनलाइन तास पुरा होईल का, डॉक्टरांशी चाललेला व्हिडिओ कॉल मध्येच तुटेल का, हे त्याला कोणी सांगत नाही. प्लॅनच्या जाहिरातीत ते नसतं, क्लासच्या वेळापत्रकातही नसतं.

उत्तर काढणं अवघड मुळीच नाही. त्यासाठी शाळेतला गुणाकार-भागाकार आणि दोन-तीन आकडे पुरतात. हे आकडे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते लोकांपुढे ठेवायला हवेत. ॲप बनवणाऱ्या कंपन्यांनी ठेवावेत, डेटा विकणाऱ्यांनी ठेवावेत आणि सगळ्यांत आधी मीटिंग किंवा तास बोलावणाऱ्यांनी ठेवावेत. कार्यक्रम आपण ठरवायचा आणि तो समोरच्याच्या नेटवर चालवायचा, तर त्याचं किती नेट खर्च होईल हे आधी सांगणं ही बोलावणाऱ्याची जबाबदारी आहे.

हिशेबाची सुरुवात वेगापासून होते. इंटरनेटचा वेग बिटमध्ये मोजतात, तर प्लॅन बाइटमध्ये विकला जातो, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे एक एमबीपीएस, या वेगाने तासभर डेटा वाहिला तर ३६०० मेगाबिट होतात. त्याला आठने भागलं की ४५० एमबी. एवढा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुरे. एक एमबीपीएसला तासाला ४५० एमबी, अर्ध्या एमबीपीएसला २२५, दोनला ९००.

इथे एक गोष्ट हमखास नजरेआड होते. व्हिडिओ कॉलमध्ये डेटा दोन्ही बाजूंनी वाहतो. समोरच्याचा चेहरा फोनवर येतो तो डाउनलोड आणि आपला चेहरा समोर जातो तो अपलोड. मोबाइल कंपनी दोन्ही मोजते आणि दोन्ही रोजच्या कोट्यातून कापते. यूट्यूबवर व्याख्यान पाहणाऱ्याचा खर्च जवळजवळ सगळा डाउनलोडचा असतो. त्यामुळे सिनेमा पाहताना बसलेला अंदाज व्हिडिओ कॉलला लावला की तो फसतो.

आता प्रत्यक्ष आकडे. झूम ही कंपनी आपल्या कॉलसाठी किती वेग लागतो हे जाहीर करते. दोघांच्या साध्या, बऱ्या दर्जाच्या कॉलला जाताना ६०० आणि येताना ६०० केबीपीएस लागतात. बेरीज १.२ एमबीपीएस, म्हणजे तासाला ५४० एमबी. तोच कॉल ७२० पी एचडी दर्जाने चालला तर दोन्ही बाजूंना १.२ एमबीपीएस लागतात आणि तासाचा खर्च एक जीबीच्या थोडा वर जातो. १०८० पी झाला तर तीन जीबी. दीड जीबीच्या प्लॅनवर पहिला कॉल पावणेतीन तास चालेल, दुसरा जेमतेम तासभर आणि वर वीसएक मिनिटं, आणि तिसरा अर्ध्या तासात कोटा संपवेल.

मायक्रोसॉफ्टच्या टीम्स या ॲपचे जाहीर आकडे तर याहून बोलके आहेत. दोघांच्या व्हिडिओ कॉलला किमान १५० केबीपीएस प्रत्येक बाजूने, शिफारस १५०० ची आणि उत्तम दर्जासाठी ४०००. तासाचा हिशेब मांडला तर किमान दर्जाला १३५ एमबी, शिफारशीच्या दर्जाला १.३५ जीबी आणि उत्तम दर्जाला ३.६ जीबी. ॲप तेच, माणसं तीच, गप्पा त्याच आणि खर्चात सत्तावीस पटींचा फरक. “व्हिडिओ कॉलला किती नेट लागतं?” या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणं म्हणूनच शक्य नाही. पण कोणत्या दर्जाला किती, हे नक्की सांगता येतं.

हा फरक कशामुळे पडतो, हे समजलं की तो हातात ठेवता येतो. व्हिडिओ कॉलची ॲप्स सतत रस्त्याचा अंदाज घेत असतात. डेटाची पाकिटं किती वेळात पोचतात, किती गळतात, यावरून पुढच्या क्षणी चित्र किती ठळक पाठवायचं ते ठरतं. रस्ता मोकळा दिसला की चित्र मोठं होतं, अडला की धूसर होतं. म्हणजे नेटवर्क जितकं चांगलं, तितका त्याच गप्पांना जास्त डेटा लागतो. गच्चीवर जाऊन केलेला कॉल घरातल्या कॉलपेक्षा स्वच्छ दिसतो आणि कोटाही लवकर संपवतो.

दुसरं कारण हालचालीचं. व्हिडिओ दाबून लहान करणारं तंत्र प्रत्येक क्षणी अख्खं चित्र पाठवत नाही, आधीच्या चित्रात जेवढं बदललं तेवढंच पाठवतं. कोऱ्या भिंतीसमोर स्थिर बसून बोलणाऱ्या माणसाचे ओठ, डोळे आणि हात बदलतात. बाकीचं चित्र तसंच राहतं. आता गणपतीतली आरती घ्या. मुलगा पुण्यात किंवा दुबईत, गावाकडच्या घरातून कोणीतरी फोन हातात धरून त्याला आरती दाखवतंय. निरांजनाच्या ज्योती हलताहेत, टाळ वाजवणारे हात हलताहेत, मखराची दिव्यांची माळ लुकलुकतेय, आणि फोन धरणारा स्वतः देवापासून अंगणापर्यंत सगळं दाखवत फिरतोय. प्रत्येक क्षणी चित्रातला जवळपास प्रत्येक ठिपका बदलतो. अशा वेळी ॲप त्याला परवडेल तेवढा सगळा डेटा वापरतं आणि तरीही चित्र फाटतं. फोन एका जागी, पाटावर डबा ठेवून त्याला टेकवून ठेवला, तर कमी डेटात आरती जास्त स्वच्छ दिसते.

तिसरं कारण माणसांच्या संख्येचं. घोळक्याच्या कॉलमध्ये प्रत्येकाचं चित्र प्रत्येकाकडे थेट जात नाही. ते मधल्या सर्व्हरकडे जातं आणि तिथून ज्याला हवं त्याच्याकडे पाठवलं जातं. त्यामुळे वर्गात पन्नास मुलं असली म्हणून अपलोड पन्नासपट होत नाही. डाउनलोड मात्र पडद्यावर किती चौकटी उघड्या आहेत यावर ठरतो. झूमच्या आकड्यांनुसार पंचवीस चौकटींच्या मांडणीला २ एमबीपीएस लागतात आणि एकोणपन्नास चौकटींना ४. म्हणजे नुसतं सगळ्यांचे चेहरे एकदम पाहत बसण्याला तासाला ९०० एमबी ते १.८ जीबी. बोलणाऱ्याचा एकच चेहरा मोठा दिसेल अशी मांडणी निवडली तर हाच खर्च ६०० केबीपीएसवर, म्हणजे तासाला २७० एमबीवर येतो.

याच आकड्यांत शिक्षक आणि कार्यालयांच्या फार उपयोगाची एक गोष्ट दडलेली आहे. घोळक्याच्या कॉलसाठी झूम जाताना १ एमबीपीएस मागतं आणि येताना ६०० केबीपीएस. स्वतःचा कॅमेरा चालू ठेवणं हे समोरच्याला पाहण्यापेक्षा महाग पडतं. तासाच्या ७२० एमबीपैकी ४५० एमबी स्वतःचा चेहरा पाठवण्यात जातात. डिप्लोमाच्या एखाद्या विद्यार्थ्याचे दिवसाला एकेक तासाचे दोन वर्ग असतील आणि “कॅमेरे चालू ठेवा” असा आग्रह असेल, तर त्याचे १४४० एमबी तिथेच गेले. दीड जीबीच्या प्लॅनवर त्याला असाइनमेंट अपलोड करायलाही डेटा उरत नाही. कॅमेरा बंद ठेवून, शिक्षकाला पाहत आणि ऐकत तेच दोन वर्ग त्याने केले तर सुमारे ६०० एमबी लागतात. उरलेल्या डेटात त्याचा दिवस नीट भागतो.

आवाज याहून कितीतरी स्वस्त आहे. झूमला आवाजासाठी प्रत्येक बाजूने ६० ते ८० केबीपीएस लागतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून तासाला ५४ ते ७२ एमबी. दीड जीबीत असा कॉल वीस तासांहून जास्त चालेल. त्याहीपुढची गोष्ट म्हणजे साध्या फोन कॉलचा डेटात हिशेबच होत नाही. आज बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये कॉल अमर्याद असतात. पाच जणांनी अर्धा तास बोलून निर्णय घ्यायचा असेल, तर आधी कागद व्हॉट्सॲपवर पाठवावेत आणि फोनवरचा कॉन्फरन्स कॉल लावावा. डेटाचा खर्च कागदांपुरताच.

ज्याला कंपन्यांच्या आकड्यांवर विसंबायचं नाही, त्याला स्वतःच्या फोनवर मोजणी करता येते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘नेटवर्क युसेज’ असं पान आहे. तिथे कॉलसाठी किती डेटा गेला आणि किती आला हे वेगळं दिसतं. पानाच्या तळाशी आकडे शून्यावर आणायची सोय आहे. कॉलच्या आधी शून्य करावं, नेहमीच्या जागी बसून नेहमीच्या माणसाशी दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलावं आणि पुन्हा ते पान उघडावं. गेलेला आणि आलेला आकडा मिळवून सहाने गुणला की तासाचा खर्च हातात येतो. त्याच विभागात कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचं बटणही आहे. ते चालू करून पुन्हा दहा मिनिटं बोललं की फरक डोळ्यांसमोर दिसतो. प्रत्येक घराने, प्रत्येक शिक्षकाने ही मोजणी एकदा तरी करावी. स्वतःच्या नेटवर्कचा, स्वतःच्या फोनचा असा आकडा दुसरं कोणी देऊ शकत नाही.

इतर ॲप्ससाठी फोनची स्वतःची मोजणी उपयोगी पडते. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपने किती मोबाइल डेटा वापरला ते दिसतं. तासाआधीचा आकडा आणि तासानंतरचा आकडा यांची वजाबाकी केली की झालं. कोट्यातून मात्र याहून जास्त डेटा जातो, कारण कॉल चालू असताना मागे इतर ॲप्सही डेटा खात असतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेले व्हिडिओ आपोआप उतरत असतात, फोटोंचा बॅकअप चाललेला असतो. लॅपटॉपला फोनच्या हॉटस्पॉटवर जोडलं तर विंडोजचे अपडेटही त्यात येतात. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ असल्याची खूण करून ठेवली की यातलं बरंच काही थांबतं.

कोटा संपल्यावर काय होतं, हेही आकड्यांत पाहण्यासारखं आहे. नेट पूर्ण बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. जाहिरातीत याला अमर्यादित डेटा म्हणतात. हिशेब केला तर या वेगाने तासाला जास्तीत जास्त २९ एमबी येऊ शकतात. टीम्सला व्हिडिओसाठी किमान १५० केबीपीएस प्रत्येक बाजूने लागतात, म्हणजे व्हिडिओ कॉल या वेगावर चालणारच नाही. टीम्सच्या आवाजाला किमान १० केबीपीएस पुरतात. त्यामुळे बाकी सगळी ॲप्स बंद ठेवून केवळ आवाजाचा कॉल कसाबसा निभावू शकतो. ज्याचा तास अर्ध्यावर तुटला त्याने बाहेर पडून पुन्हा आत येत बसण्यापेक्षा कॅमेरा आणि येणारा व्हिडिओ दोन्ही बंद करून नुसतं ऐकावं.

रोजचा कोटा मध्यरात्री बारा वाजता नव्याने भरतो. परदेशात मुलंबाळं असलेल्या घरांना याचा चांगला उपयोग होतो. हिवाळ्यात न्यूयॉर्क-न्यू जर्सीचं घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे असतं. तिथली रविवारची दुपारची एकची वेळ म्हणजे इथली रात्रीची साडेअकरा. साडेअकरा ते साडेबारा असा तासभराचा कॉल ठरवला, तर अर्धा खर्च संपत आलेल्या दिवसाच्या उरलेल्या डेटातून जातो. एरवी तो डेटा बारा वाजता वायाच गेला असता. उरलेला अर्धा नव्या दिवसाच्या खात्यात पडतो. अर्थात जागरण झेपणाऱ्यांसाठीच हे ठीक. आजी-आजोबा नऊ वाजता झोपत असतील तर कॅलिफोर्नियातल्या नातवंडांनी तिथल्या रात्री साडेनऊला फोन करावा. इथे तेव्हा सकाळचे दहा किंवा अकरा वाजलेले असतात आणि दिवसाचा कोटा जवळजवळ भरलेला असतो.

फाइव्ह जीचं गणित वेगळं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ही सेवा सुरू झाली आणि कंपन्यांनी तिच्यावर अमर्याद डेटा दिला. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओने ही सवलत रोज दोन जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरती ठेवली. इथे सावध राहावं लागतं ते फोन आपोआप फोर जीवर उतरतो तेव्हा. कॉल फाइव्ह जीवर सुरू झालेला असतो, माणूस बोलत बोलत आतल्या खोलीत जातो, फोन फोर जी पकडतो आणि तिथून पुढचा डेटा रोजच्या कोट्यातून जाऊ लागतो. महत्त्वाच्या कॉलच्या वेळी पडद्यावरच्या वरच्या कोपऱ्यात फाइव्ह जी दिसतंय ना, एवढं पाहून खिडकीजवळ बसावं.

घरात एअरफायबरसारखी बिनतारी ब्रॉडबँड सेवा असेल तर काळजीचं कारण फारसं नाही. तिथे महिन्याची मर्यादा साधारण १००० जीबीची असते. घोळक्याचा एचडी कॉल तासाला दोन जीबी खाईल असं धरलं तरी महिन्याला पाचशे तास निघतात. अंदाज काढायला शिकल्याचा हाही एक फायदा, की जिथे काटकसर नको तिथे ती करत बसावी लागत नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो. डेटा आता स्वस्त झालाय, मग एमबी मोजायचे कशाला? सरकारी आकडेवारी त्याला दुजोरा देते. एका जीबीला २०१४ मध्ये सरासरी २६९ रुपये पडत होते, आता नऊ-दहा रुपयांच्या आसपास पडतात. एका डेटा-ग्राहकाचा महिन्याचा सरासरी वापर मार्च २०१४ मध्ये ६२ एमबी होता, तो मार्च २०२४ मध्ये २० जीबीवर गेला. ही झेप खरी आहे आणि तिने लाखो घरांत व्हिडिओ कॉल पोचवला. पण डेटा सुट्टा विकला जात नाही, रोजच्या कोट्यात बांधून विकला जातो. ज्या दिवशी काही काम नसतं त्या दिवशीचा उरलेला जीबी बहुतेक प्लॅनमध्ये दुसऱ्या दिवशी मिळत नाही. ज्या दिवशी तीन तास वर्ग असतात त्या दिवशी दुपारीच तो संपतो आणि डेटाचं जादा पॅक विकत घ्यावं लागतं. महिन्याच्या सरासरीत ही अडचण दिसत नाही. शिवाय एका घरात दोन मुलं आणि एकच फोन असेल तर तोच कोटा दोघांत वाटला जातो.

या अडचणीचा भार कोणावर पडतो, हे करोनाच्या काळात महाराष्ट्राने पाहिलं. कोकणातली मुलं रेंज मिळावी म्हणून डोंगरावर जाऊन अभ्यास करत असल्याच्या बातम्या २०२० मध्ये सगळ्यांनी वाचल्या. रेंज मिळाल्यावरही प्रश्न संपत नव्हता, कारण मिळालेल्या रेंजवर तास किती वेळ चालेल हे प्लॅन ठरवत होता. त्याच वर्षी जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिला एक एमबीही लागत नव्हता, टीव्ही पुरेसा होता. समोरासमोर प्रश्नोत्तरं नव्हती हे खरं, पण जो मजकूर एकाच दिशेने जाणार आहे त्याला दुहेरी व्हिडिओ कशाला, हा प्रश्न त्या मालिकेने नीट सोडवून दाखवला. आजही शिक्षक सलग पाऊण तास बोलणारच असेल आणि मुलं ऐकणारच असतील, तर ध्वनिचित्रमुद्रण करून यूट्यूबवर टाकणं बरं. गूगलच्या सांगण्यानुसार तिथे ३६० पीच्या दर्जाला ०.७ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला ३१५ एमबी. कॅमेरा चालू ठेवून केलेल्या झूम वर्गाच्या निम्म्याहून कमी. आणि मुलगा ते त्याच्या सोयीने, शेजारच्या वायफायवरही पाहू शकतो. प्रत्यक्ष वर्ग मग शंकांसाठी वीस मिनिटांचा ठेवता येतो.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आणखी एक गोष्ट घडली, ती आजच्या मुद्द्याला थेट लागू आहे. टाळेबंदीत नेटवर्कवर ताण आला तेव्हा देशातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलं की मोबाइल नेटवर्कवर ४८० पीपेक्षा जास्त दर्जाचं चित्र काही काळ द्यायचं नाही. ग्राहकाला कोणतंही बटण दाबावं लागलं नाही, काही शिकावं लागलं नाही. चित्र पाठवणाऱ्यांनी ठरवलं आणि कोट्यवधी फोनवरचा चित्राचा दर्जा खाली आला. काटकसरीची जबाबदारी एकेकट्या ग्राहकावर टाकण्यापेक्षा ती वरच्या टोकाला घेतली की किती सहज पार पडते, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

कार्यालयांनीही हे मनावर घ्यायला हवं. तालुक्यापासून मंत्रालयापर्यंत ‘व्हीसी’, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, हा आता रोजचा शब्द झालाय. तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, आशा सेविका यांना व्हीसीचा निरोप येतो तेव्हा त्यात वेळ असते, लिंक असते, उपस्थिती सक्तीची असल्याचं लिहिलेलं असतं. डेटा किती लागेल आणि तो कोणाच्या खिशातून जाईल, हे नसतं. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं, कारण ते फोन कामाला पुरे पडत नव्हते. कामाचं साधन कामाच्या मापाचं असावं, एवढंच त्या मागत होत्या. डेटालाही तेच लागू होतं. दोन तासांच्या व्हीसीत शंभर जणांना फक्त सूचना ऐकायच्या असतील तर निरोपातच “कॅमेरा बंद ठेवावा, सादरीकरणाची पीडीएफ सोबत जोडली आहे” असं लिहिता येतं. झूमसारख्या ॲपवर येणारा व्हिडिओ बंद करून नुसतं ऐकायची सोयही आहे. हे लिहायला खर्च येत नाही आणि शंभर लोकांचा मिळून कित्येक जीबी डेटा वाचतो.

कॅमेरा जिथे हवाच, तिथे तो हवाच. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेची घरबसल्या ओपीडी एप्रिल २०२० पासून सुरू आहे. तिच्यावर डॉक्टरला पुरळ पाहायचं असेल, लहान मूल श्वास कसं घेतंय ते पाहायचं असेल, तर तिथे काटकसर करणं चूक ठरेल. मूकबधिर व्यक्ती खुणांच्या भाषेत बोलते तेव्हा चित्र हेच तिचं बोलणं असतं, आणि ते अडखळून चालत नाही. लहान मुलांच्या वर्गात शिक्षिकेला चेहरे दिसायला हवेत, हा आग्रहही रास्त आहे. पण त्यासाठी अख्खा तास कॅमेरा लागत नाही. सुरुवातीची पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं सगळ्यांनी कॅमेरा चालू ठेवला तर चेहरेही दिसतात आणि डेटाही उरतो. चित्र कधी लागेल हे आधीच ठरवलं तर लागेल तिथे ते भरपूर वापरता येतं.

आता मागण्या. पहिली ॲप बनवणाऱ्यांकडे. कॉल संपला की त्याचा कालावधी दाखवतात, तसाच त्याला किती डेटा लागला हाही आकडा त्याच पडद्यावर दाखवा. मोबाइल डेटावर कॉल सुरू झाला की सुरुवात कमी दर्जाने व्हावी आणि ज्याला एचडी हवं त्याने ते स्वतः निवडावं.

दुसरी मोबाइल कंपन्यांकडे आणि ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेकडे. फ्रिज घेताना त्यावर तारे असलेलं लेबल असतं आणि तो वर्षाला किती युनिट वीज खाईल हे त्यावर लिहिलेलं असतं. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला त्यावरून निर्णय घेता येतो. अमेरिकेत एफसीसी या नियामकाने एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना ब्रॉडबँड प्लॅनवर असंच लेबल सक्तीचं केलं. त्यात दर, वेग आणि डेटाची मर्यादा एकाच चौकटीत द्यावी लागते. ट्रायने इथे आणखी एक ओळ मागावी. रोज दीड जीबीच्या प्लॅनवर साधा व्हिडिओ कॉल सुमारे पावणेतीन तास, एचडी कॉल सुमारे एक तास वीस मिनिटं, आवाजाचा कॉल वीस तास, असं स्वच्छ मराठीत लिहिलेलं असावं. ग्राहकाच्या बाजूने पाऊल उचलणं ट्रायला नवं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिने कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवायला सांगितलं, कारण ज्याला डेटा लागत नाही त्याला तो घ्यायला लावणं बरोबर नव्हतं. ज्याला डेटा लागतो त्याला तो किती वेळ पुरेल हे सांगणं हे त्याच्या पुढचं पाऊल आहे.

तिसरी मागणी शाळा, महाविद्यालयं, क्लास, कार्यालयं आणि सोसायट्यांकडे आहे आणि तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मीटिंगच्या निरोपात एक ओळ वाढवायची: “कालावधी ४५ मिनिटं. कॅमेरा चालू ठेवल्यास सुमारे ५५० एमबी, बंद ठेवल्यास सुमारे २३० एमबी, फक्त ऐकल्यास सुमारे ५० एमबी. कॅमेरा पहिली पाच मिनिटं आवश्यक, नंतर ऐच्छिक.” हे आकडे झूमच्या जाहीर वेगावरून आलेले आहेत. दुसरं ॲप असेल तर एका तासाची मोजणी करून स्वतःचे घालावेत. पालक संघांनी पुढच्या बैठकीत शाळेकडे ही ओळ मागावी, कर्मचारी संघटनांनी व्हीसीच्या परिपत्रकात ती मागावी आणि जिथे उपस्थिती सक्तीची आहे तिथे त्या एमबींचा खर्च कोण देणार हेही त्याच कागदावर लिहून घ्यावं.